विंडोज ११ टाकताना पहिलं खातं कुणाचं?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका ऑफिसात चौदा मशीनवर विंडोज ११ टाकायचं काम होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ते आज ना उद्या निघणारच होतं. मशीन सगळ्या इंटेलच्या आठव्या पिढीच्या किंवा पुढच्या, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) चालू, म्हणजे हार्डवेअरची कटकट नाही. विंडोज चढायला वेळ लागलाच नाही. सगळा दिवस गेला तो त्यानंतर येणाऱ्या खात्याच्या स्क्रीनवर, म्हणून तेवढंच लिहितोय.

अकरा मशीन विंडोजच्या प्रो प्रकारच्या होत्या, तीन लॅपटॉप होम प्रकारचे. ही मोजणी आधी करा. लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) होमची की, म्हणजे लायसन्सचा क्रमांक, असेल तर सेटअप काहीही न विचारता होम टाकून मोकळा होतो आणि होम डोमेनला, म्हणजे सगळ्या मशीन आणि खाती एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कला, जोडता येत नाही. नंतर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनमध्ये जाऊन प्रोची की टाकली तर डेटा न जाता प्रो होतं, पण ती की विकत घेतलेली हवी.

आता मुद्दा. सेटअप ईमेल विचारतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या अकाउंट्सच्या ताई म्हणतात, "भाऊ, माझाच ईमेल टाकून द्या ना, काम होऊन जाईल." काम होतं, खरंच होतं. पण २४एच२ ची (विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीची) नवी इन्स्टॉलेशन असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जाऊन बसते. उद्या ताई नोकरी सोडून पुण्याला गेल्या आणि इकडे बायोस अपडेटनंतर निळ्या स्क्रीनने की मागितली, तर ऑफिसचा डेटा त्यांच्या खासगी ईमेलच्या कुलुपात. शिवाय यूजर्समधल्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरंच मिळतात. मनीषा असेल तर फोल्डर 'एम ए एन आय एस' वरच तुटतो आणि तो नंतर बदलणं म्हणजे नसती डोकेदुखी. ताईंना एवढं सांगितलं की त्या स्वतःच नको म्हणतात.

प्रोवर सरळ आणि अधिकृत रस्ता आहे. "सेट अप फॉर वर्क ऑर स्कूल" निवडा, पुढच्या स्क्रीनवर "साइन-इन ऑप्शन्स", त्यात "डोमेन जॉइन इन्स्टेड". नाव फसवं आहे. इथे मशीन कुठल्याच डोमेनला जोडली जात नाही, फक्त लोकल खातं, म्हणजे त्या मशीनपुरतंच खातं, तयार होतं. सगळ्या मशीनवर एकच नाव ठेवा, इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस न देता. पासवर्डची जागा तेव्हा रिकामी सोडली तर पाळीव प्राण्याचं नाव वगैरे तीन प्रश्न येत नाहीत. मात्र डेस्कटॉप आला की लगेच कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पासवर्ड लावा. रिकाम्या पासवर्डचं खातं नेटवर्कवरून उघडतच नाही.

होममध्ये हा पर्याय दिसत नाही. शिफ्ट आणि एफ १० दाबून कमांडने इंटरनेटची अट टाळायची जुनी युक्ती मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये चाचणी आवृत्त्यांतून काढायला सुरुवात केली, त्यामुळे तिच्या भरवशावर चौदा मशीन उघडून बसू नका. इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह रुफस या मोफत प्रोग्रॅमने बनवताना ऑनलाइन खात्याची अट काढण्याची आणि लोकल खातं आधीच भरून ठेवण्याची खूण मिळते. तो पेनड्राइव्ह लावला की सेटअप संपेपर्यंत लॅनची केबल काढलेलीच ठेवायची. केबल लावलेली राहिली आणि सेटअपने पुन्हा ईमेल मागितला, हे एका लॅपटॉपवर आम्ही करून बसलो.

प्रोच्या दोन मशीनवर उलटा प्रकार होता. वायफायची यादी रिकामी आणि "नेक्स्ट" बटण मेलेलं, कारण कार्डाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नव्हता. अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग सुरू केलं. त्याचा ड्रायव्हर विंडोजकडे असतोच.

आणखी एकीवर इंटरनेट होतं, तरी "समथिंग वेंट राँग" जाईना. घड्याळ २०१९ चं होतं. तारीख चुकली की सर्व्हरची प्रमाणपत्रं वैध ठरत नाहीत आणि साइन-इन अडतं. शिफ्ट-एफ १० (काही लॅपटॉपवर एफएनही दाबावं लागतं) दाबून 'डेट' कमांडने तारीख दिली. तिथे अमेरिकी पद्धत असेल तर आधी महिना, मग दिवस. ५ नोव्हेंबरचा ११ मे होतो. मुळात दोष मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलचा. तो सीताबर्डीवर कुठल्याही कम्प्युटरच्या दुकानात मिळतो. सेल न बदलता तारीख लावली तर लाइट गेली की पुन्हा तेच.

प्रोच्या मशीन डोमेनला जोडताना पहिली अडचण डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेची. राउटर स्वतःचा पत्ता देतो आणि मशीनला डोमेन सापडत नाही. डीएनएसमध्ये डोमेन कंट्रोलरचाच (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचाच) पत्ता हवा. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक नको, मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत. हे सगळं सांभाळून दहा मशीन जोडल्या आणि अकरावी अडली. केबल बदलून पाहिली, नाव बदलून पाहिलं, काही नाही. शेवटी संदेश नीट वाचला: खाती बनवण्याची मर्यादा संपली. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या खात्यांच्या नोंदवहीत) साध्या यूजरला मुळात दहाच मशीन जोडता येतात, आणि आम्ही साध्या खात्यानेच जोडत होतो. आकडा वाढवू नका. मशीन जोडण्याचा अधिकार दिलेलं वेगळं खातं बनवा आणि बाकीच्यांसाठी ती मर्यादा शून्य करा.

एका मशीनला जुनंच नाव दिलं तेव्हा २७३२ क्रमांकाची एरर आली. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून, दुसऱ्या कुणी बनवलेलं मशीनचं खातं परत वापरू देत नाहीत. डिरेक्टरीतून जुनी नोंद काढली की जोडणी होते.

यूजर लॉगिन करतात आणि लगेच ओरड येते की नॅसवरचा (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजवरचा) फोल्डर उघडत नाही. २४एच२ प्रोमध्ये पाहुण्याचा, म्हणजे पासवर्डाशिवायचा, प्रवेश बंद आहे आणि एसएमबी साइनिंग (फाइल शेअरिंगच्या संदेशांवर खरेपणाची सही) सक्तीचं. सेटिंग सैल करण्याऐवजी नॅसवर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड बनवा. तिथे पासवर्डच लागतो, पिन चालत नाही. पिनचीच सवय झालेल्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नाही. म्हणून आमच्याकडचे शेवटचे दोन तास पासवर्ड रीसेट करण्यात गेले.