स्विफ्टचे शॉकअप आणि लोअरिंग स्प्रिंगा : पैसे देण्याआधी पार्ट नंबर मागा

शॉकअप निवडणं सोपं गेलं. जीव खाल्ला तो स्प्रिंगांनी, आणि त्या दुकानाचा राग अजून उतरलेला नाही.

गाडी २०१३ ची डिझेल स्विफ्ट. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गाळत होते, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखे झिजले होते. खर्च होणारच होता, तर मूळ १७० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, तीसेक मिमीने खाली आणायचा असं ठरवलं. घाटातल्या वळणावर गाडी कलते ते मला मुळीच आवडत नाही. लोअरिंग स्प्रिंग आखूड असते तशी कडकही असते, थकलेल्या शॉकअपला ती आवरत नाही. त्यामुळे दोन्ही एकदमच बदलावं. गॅसचे चार शॉकअप, माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) सगळं लगेच मिळालं.

स्प्रिंगा मात्र नाना पेठेतल्या एका दुकानातून आगाऊ पैसे भरून मागवल्या. पैसे घेताना "आठवड्यात येतील साहेब". नंतर "ट्रान्सपोर्टला आहेत". नंतर "मालक गावाला गेलेत". नंतर फोनच उचलेनात. शेवटी खोकं आलं आणि त्यावर लेबल पेट्रोल मॉडेलचं! पावतीवर 'डिझेल' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

डिझेल स्विफ्ट पेट्रोलपेक्षा जवळजवळ शंभर किलोने जड, आणि हे जास्तीचं वजन मुख्यतः पुढच्या चाकांवर. पेट्रोलच्या स्प्रिंगा त्याखाली हव्या त्यापेक्षा जास्त दबणार, नाक खाली जाणार आणि दर खड्ड्याला गाडी बंपस्टॉपवर आपटणार. मी हे सांगितलं तर काउंटरवरचा म्हणतो, "बसतात हो साहेब, सीट सेम आहे." सीट म्हणजे स्प्रिंग टेकते ती जागा. अहो, बसतात हे मलाही दिसतंय! त्यांनी वजन पेलायला नको का? बदलून द्या म्हटलं तर "मागवलेला माल परत जात नाही". पैसे परत मागितले तर "मालकांशी बोला", आणि मालक कधीच जागेवर नाहीत.

मग मी स्प्रिंग बनवणाऱ्या कंपनीलाच मेल केला. गाडीचं मॉडेल, वर्ष, इंजिन आणि खोक्यावरच्या पार्ट नंबराचा फोटो पाठवला. त्यांनी कोणता नंबर कोणत्या गाडीला याचा तक्ताच पाठवला. तो छापून काउंटरवर ठेवला, तेव्हा कुठे सूर बदलला. बरोबर स्प्रिंगा यायला परत वाट पाहावी लागली, पण आल्या. म्हणून सांगतो, नंबर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. खोकं उघडल्यावर तोच नंबर स्प्रिंगेच्या वेटोळ्यावर छापलाय का, तेही बघा.

एक राहिलंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. मी काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारलं, तुम्हीही विचारा. आणि तीस मिमीच्या पुढे जाण्याचा मोह टाळा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंचीचा असतो, आपल्या गल्लीतले कोणी मोजून बांधलेत?

फिटिंगला मात्र स्वतः उभे राहा. मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते. गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. सैल होऊन जागेवरून सरकत असेल, तर ती त्या गाडीसाठी फारच आखूड आहे, लगेच काढायला लावा. माझी घट्ट होती, बरं वाटलं! बुश (सांध्यातलं रबर) असलेले बोल्ट चाकं जमिनीवर टेकल्यावरच शेवटचे आवळायचे, हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आमच्या मिस्त्रींनी हे न सांगता केलं. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या, आणि स्प्रिंगा थोड्या बसल्या की परत एकदा.