स्टेपनीच्या वरचा लाल दिवा

पावसाळ्यात गगनबावड्याकडून कोल्हापूरला येताना माझ्या गाडीचे खालचे दोन ब्रेकलाइट चिखलाने पूर्ण लिंपलेले असतात. आमचं भाताचं शेत डोंगराच्या उतारावर आहे. डांबरी रस्ता सोडला की शेतापर्यंत तांबडी माती, चर आणि ओढ्याचं पाणी. फोर-बाय-फोर गाडी घेतली ती त्या वाटेसाठीच. तिथून मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मागचे दिवे, नंबरप्लेट सगळं एकाच रंगाचं झालेलं असतं. स्वच्छ राहतो तो एकच, मागच्या दरवाजावर स्टेपनीच्या वर बसवलेला तिसरा ब्रेकलाइट. म्हणून तो बंद पडला तेव्हा मला ते किरकोळ काम वाटलं नाही.

तो बंद आहे हे मला एका दुधाच्या टेम्पोवाल्याने सांगितलं. चहाच्या टपरीवर थांबले होते, तो मागून येऊन थांबला आणि म्हणाला, "ताई, वरची लाइट लागत न्हाई बघा तुमची. धुक्यात आम्ही तीच बघून चालवतोय." जुलै-ऑगस्टमध्ये ज्याने त्या रस्त्यावरून किंवा पुढे करूळ घाटातून गाडी नेली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या तिसऱ्या दिव्यामागे एक चांगला प्रयोग आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने टॅक्सींच्या मागच्या काचेच्या तळाशी एक जादा दिवा लावून पाहिला. दिवा लावलेल्या टॅक्सींना मागून धडक बसण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालं. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. पुढे सगळ्याच गाड्यांवर तो दिसायला लागल्यावर फायदा बराच घटून चार टक्क्यांच्या आसपास आला, पण लाखो गाड्यांच्या हिशेबात चार टक्के म्हणजे पुष्कळ माणसं. शिवाय एलईडी दिवा साध्या बल्बपेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी पूर्ण उजळतो. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला तेवढ्या वेळात गाडी तीन मीटरहून जास्त पुढे जाते. ओल्या रस्त्यावर मला ते तीन मीटर हवे आहेत.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं, तर दिव्याचं पूर्ण युनिट बदला म्हणाले. दिवा काढून, तपासून काही बघितलं नाही. ते मला पटलं नाही, कारण बिघाडाची लक्षणं दिव्याची वाटत नव्हती. दरवाजा जोरात आपटला की कधीकधी तो लागायचा. शिवाय त्याच दरवाजावरचा नंबरप्लेटचा दिवाही खड्ड्यात मिणमिणायचा. दोन वेगळे दिवे एकाच वेळी असे वागायला लागले तर दोष दिव्यांत शोधण्याआधी दोघांच्या सामाईक वाटेत शोधावा.

ब्रेकलाइटच्या करंटची वाट अशी असते: बॅटरी, फ्यूज, ब्रेकच्या पेडलजवळचा स्विच, तिथून मागे वायरिंग आणि मग फाटे फुटून तीन दिव्यांकडे. माझ्या गाडीत तिन्ही दिवे एकाच फ्यूजवर आहेत. चिखल पुसून पाहिलं, खालचे दोन व्यवस्थित लागत होते. म्हणजे फ्यूज चांगला, स्विच चांगला, आणि बिघाड फाटा फुटल्यानंतर दरवाजाकडे जाणाऱ्या भागात.

दरवाजाचं आतलं प्लास्टिक काढलं. यासाठी प्लास्टिकची चपटी पट्टी मिळते तीच वापरावी, स्क्रू-ड्रायव्हर घातला की क्लिपा तुटतात आणि मग पॅनेल कायमचं खडखडत राहतं. दिवा दोन स्क्रूंवर होता. तो काढून, वायरीत एक अँपिअरचा फ्यूज घालून थेट बॅटरीला जोडला. लख्ख लागला. नव्या युनिटचा विषय तिथेच संपला.

मग आईला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ब्रेक दाबायला सांगितला आणि दिव्याच्या कपलरमध्ये, म्हणजे दिव्याला वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, मल्टिमीटर लावला. १२.३ व्होल्ट. कपलर दिव्याला जोडला की दिवा जेमतेम धुगधुगायचा. व्होल्टेज पूर्ण, दिवा चांगला, तरी उजेड नाही. "अगं, अजून किती वेळ पाय दाबून धरू?" आईने दोनदा विचारलं. मी आकड्याकडे बघत उभी होते.

दुसऱ्या दिवशी गाडी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात नेली. तिथे एका गाळ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका आहेत, वडिलांच्या जुन्या जीपपासूनची ओळख. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मीटर बाजूला ठेवायला सांगितलं. ब्रेकचा २१ वॅटचा साधा बल्ब, त्याला दोन वायरी आणि टोकाला क्लिपा, हीच त्यांची टेस्ट लॅम्प. ती कपलरला लावली, मला ब्रेक दाबायला लावला. बल्ब लागलाच नाही.

"मीटरला करंट लागत न्हाई ताई, बल्बला लागतोय. बल्ब लावूनच बघायचं."

हे मला या सगळ्या कामात सगळ्यांत मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मल्टिमीटर व्होल्टेज मोजताना जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेतले सगळे धागे तुटून एखादाच टेकलेला असला तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतात. तिथे दिवा जोडून करंट वाहायला लागला की त्या तुटक्या जागेवरच व्होल्टेज खर्ची पडतं. काकांनी माझा दिवा परत जोडला आणि कपलरच्या मागच्या बाजूने मीटरची पिन घालून, दिवा जोडलेला असतानाच मोजलं: सहा व्होल्टच्या आसपास. लाल एलईडीला प्रत्येकी साधारण दोन व्होल्ट लागतात. या दिव्यात तीन-तीन एलईडी एकापुढे एक जोडलेले आहेत, म्हणजे सहा व्होल्टला ते नुसते धुगधुगणार. आकडा आणि उजेड दोन्ही जुळले.

आता दोष प्लसच्या तारेत की अर्थच्या, म्हणजे निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या तारेत, एवढंच राहिलं होतं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वेगळी वायर आणून दिव्याच्या काळ्या तारेला टेकवली. काही फरक नाही. म्हणजे अर्थ ठीक, प्लस खराब. काकांनी तोवर बिजागरीजवळचा रबरी बूट, म्हणजे तारांवरची लवचिक नळी, उपसायला घेतला होता.

आडवा उघडणाऱ्या दरवाजाच्या गाड्यांत ही जागा ठरलेली. गाडीतून दरवाजात जाणाऱ्या सगळ्या तारा त्या रबरी नळीतून जातात आणि दरवाजा उघडला-मिटला की त्याच ठिकाणी वाकतात. हाताने तार पुढेमागे वाकवून तोडावी, तसंच हे वर्षानुवर्षं चाललेलं असतं. त्यात आमच्या वाटेवर दरवाजाला लटकलेल्या स्टेपनीचं वजन सतत हादरे देतं, आणि बूटाची कड सुटली की आत पाणी आणि धूळ. बूट सरकवला तसं पाणी ठिबकलं. ब्रेकच्या तारेचं इन्सुलेशन फाटलेलं, आतलं तांबं हिरवं कळकलेलं. नंबरप्लेटच्या तारेचेही अर्धे धागे गेलेले. वायपरच्या जाड तारेला नुसती चीर होती.

गाळ्यातल्या दुसऱ्या एकाने सोपा उपाय सुचवला: खालच्या ब्रेकलाइटपासून नवी वायर काढा, दरवाजाच्या बाहेरून वर न्या, अर्ध्या तासात काम. मी नको म्हटलं, आणि काकांनीही मान हलवली. बाहेरून नेलेली वायर दरवाजाच्या कडेत चिमटते. ती सोलवटून पत्र्याला टेकली की फ्यूज उडणार, आणि फ्यूज एकच असल्यामुळे खालचे दोन दिवेही जाणार. वरचा दिवा लावण्यासाठी तिन्ही गमावण्याची सोय कशाला करायची?

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. मग बूटाच्या दोन्ही टोकांना हिरवेपणा संपून स्वच्छ तांबं दिसेपर्यंत तारा मागे कापल्या आणि मधला तुकडा पूर्ण नवा घातला. जुन्याइतक्याच जाडीची, पण बारीक धाग्यांची सिलिकॉन वायर, जी वाकायला मऊ असते. जोड बूटाच्या आत एकही ठेवला नाही. एका टोकाचे गाडीच्या पत्र्यामागे, दुसऱ्या टोकाचे दरवाजाच्या आत, आणि तेही पुढेमागे, म्हणजे सगळ्या गाठी एका जागी येऊन जाड गोळा होत नाही. सोल्डर केलेली तार कडक होते आणि वाकणाऱ्या जागेत आली तर सोल्डर संपतं तिथेच तुटते, म्हणून हे अंतर महत्त्वाचं. जोडांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी बसवली. ती तापवली की आकसते आणि गोंद वितळून तोंडं बंद होतात. काळी टेप उन्हाने सुटते, ती नको. वायपरची चिरलेली तारही त्याच हाताने बदलून घेतली. शेवटी बूट नीट बसला की नाही ते काकांनी बोटाने सगळी कड फिरवून पाहिलं.

दिव्याखालचं रबरी पॅकिंगही चपटं झालं होतं, तेही नवं घातलं. पूर्ण युनिट जुनं किंवा दुसऱ्या बनावटीचं घ्यायची वेळ कोणावर आलीच, तर काचेवर एस३ ही खूण बघून घ्यावी. मधल्या उंच ब्रेकलाइटची ती खूण असते. सजावटीच्या लाल पट्ट्यांवर ती नसते.

मग परत तीच टेस्ट लॅम्प. मी ब्रेक दाबून बसले आणि काका दरवाजा उघडत, मिटत, अर्ध्यात धरून हलवत राहिले. २१ वॅटचा बल्ब एकदाही डळमळला नाही. दिवा जोडून मोजलं तेव्हा दिव्यापाशी आणि बॅटरीपाशी अर्ध्या व्होल्टचाही फरक नव्हता. काकांनी पैसे फार कमी सांगितले. मी त्याहून जास्त दिले आणि ते त्यांनी घ्यावेत म्हणून मला हट्ट करावा लागला.

तो रबरी बूट बाजारात सुटा मिळतो, मी एक घेऊन ठेवला आहे. पेरण्यांच्या आधी गाडीचं तेलपाणी होतं, तेव्हाच बूटाची कड सोडवून आत बोट घालून बघते. कोरडं लागलं तर परत बसवायला पाच मिनिटं पुरतात.