‘पण हे कसं कळलं?’ : मुलांबरोबर विंडोलँडा

उत्तर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत, भारतातून पाहुणे यायचे ठरले की एक यादी निघते. एडिंबरा, डरहॅमचं कॅथेड्रल, लेक डिस्ट्रिक्ट आणि दिवस उरलाच तर हेड्रियनची भिंत. भिंत शेवटी, कारण फोटोत ती बऱ्याच ठिकाणी जेमतेम छातीएवढी दिसते, आणि रायगड-पन्हाळा पाहिलेल्या माणसाला त्यात काय एवढं, असं वाटतं. बरोबर मुलं असतील तर ही यादी उलटी करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी विंडोलँडा हा भिंतीजवळचा रोमन किल्ला, मग भिंत, मग बाकी सगळं.

मुलांचा एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. राजाचं नाव सांगा, सन सांगा, लढाई सांगा, ती विचारतात, ‘पण हे कसं कळलं?’ माझी लेक दहा वर्षांची आहे, धाकटा सहाचा. दोघंही हे विचारतात आणि बहुतेक ऐतिहासिक ठिकाणी मला ‘पुस्तकात लिहिलंय’ एवढंच सांगता येतं. ते त्यांना पुरत नाही, आणि पुरू नयेच. विंडोलँडाला जवळजवळ प्रत्येक वस्तूपाशी या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर मिळतं.

न्यूकॅसलहून पश्चिमेला निघालं, हेक्सम मागे टाकलं की बार्डन मिल नावाचं छोटं गाव येतं. त्याच्या वरच्या अंगाला, उघड्या माळावर हा किल्ला आहे. भिंत इथून उत्तरेला, दीडेक किलोमीटरवर. रोमन सम्राट हेड्रियननं ती इ. स. १२२ मध्ये बांधायला घेतली. टाइन नदीच्या मुखाजवळून सॉलवेच्या खाडीपर्यंत ११७ किलोमीटर. पण विंडोलँडाचा पहिला किल्ला इ. स. ८५ च्या सुमाराचा, म्हणजे भिंतीच्याही आधीचा. तो लाकडाचा होता. पलटण बदलली की जुनी लाकडी घरं पाडायची, वर चिकणमाती आणि गवताची ढेपं टाकून जागा सपाट करायची आणि नवा किल्ला उभारायचा, असं पुन्हा पुन्हा झालं. एकावर एक असे नऊ किल्ले. आजीच्या घरी जमीन सारवून सारवून थरांवर थर चढतात तसेच हे थर, असं मी मुलांना सांगितलं. लेकीला लगेच कळलं. धाकट्याला कोल्हापूरच्या घरी सगळीकडे फरशीच आठवते, त्यामुळे त्याला मातीत बोट घालून दाखवावं लागलं.

त्या चिकणमातीनं एक मोठं काम केलं. खालच्या ओल्या थरांत हवा पोचली नाही. ऑक्सिजन नाही म्हणजे कुजवणाऱ्या बहुतेक सूक्ष्मजीवांचं काम थांबतं. म्हणून एरवी शंभर वर्षंही न टिकणाऱ्या वस्तू, लाकूड, चामडं, कापड, इथे एकोणीसशे वर्षं राहिल्या. आज वर जे दगडी पाये आणि रस्ते दिसतात ते बरेचसे नंतरच्या काळातले आहेत. ज्या लोकांची पत्रं आपण संग्रहालयात वाचतो, त्यांची घरं आपल्या पायाखाली, त्या दगडांच्याही खाली आहेत. हे मुलांना जागेवरच सांगावं. दोघंही ते ऐकल्यावर जरा जपून चालायला लागले.

आणि खणणं अजून चालू आहे. एप्रिल ते सप्टेंबर स्वयंसेवक येतात, गुडघ्यांखाली चटई घेऊन बसतात आणि थापीनं माती खरवडतात. दोरीच्या अलीकडे उभं राहून त्यांच्याशी बोलता येतं. आम्ही गेलो तेव्हा एका बाईंनी हातातलं खापर मुलांना दाखवलं, कडेचा वाक दाखवला आणि त्या वाकावरून अख्खं भांडं केवढं असेल हे कसं काढतात ते हवेत गोल काढून समजावलं. लेकीनं विचारलं, चुकलं तर? त्या म्हणाल्या, चुकतंच कधी कधी. म्हणून वस्तू कुठल्या थरात, नेमकी कुठे सापडली ते आधी लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या माणसाला तपासता येतं. शाळेत वर्षभर विज्ञान शिकवूनही जे पोचत नाही ते त्या ओल्या खड्ड्याच्या काठावर दोन मिनिटांत पोचलं, असं मला मनापासून वाटतं.

संग्रहालय उताराच्या खालच्या टोकाला, ओढ्याकाठी आहे. चेस्टरहोम नावाचं हे जुनं घर एरिक बर्ली या पुरातत्त्वज्ञानं १९२९ मध्ये जमिनीसकट विकत घेतलं. त्यांचा मुलगा रॉबिन, मग नातू अँड्र्यू, अशा तीन पिढ्यांनी इथे खोदकाम केलं. १९७० मध्ये विंडोलँडा ट्रस्ट स्थापन झाला.

आत शिरल्यावर मुलांना थांबवतात ते जोडे. इथे आजवर पाच हजारांहून जास्त रोमन जोडे सापडलेत. सैनिकांचे खिळे ठोकलेले बूट, बायकांच्या नाजूक चपला, अगदी बाळाचा जोडासुद्धा. हा बाळजोडा सेनापतीच्या घरातला. अजून धड चालताही न येणाऱ्या पोराच्या पायात मोठ्या माणसासारखा जाळीदार कातडी जोडा, तळाला लोखंडी खिळ्यांसकट. धाकट्यानं काचेला पाय लावून मोजमाप केलं आणि आपला पाय मोठा आहे हे सगळ्यांना सांगितलं.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटले ते साध्या बराकींतले छोटे जोडे. रोमन सैनिकाला नोकरीत असताना कायद्यानं लग्न करता येत नव्हतं. वर्षानुवर्षं असं मानलं गेलं की किल्ल्याच्या आत पुरुषच राहायचे, बायकामुलं असलीच तर तटाबाहेरच्या वस्तीत. मग बराकींच्या जमिनीत बायकांचे आणि मुलांचे जोडे निघायला लागले. कायदा एक सांगत होता, जोडे दुसरंच. लेकीचा प्रश्न इथे आपसूक सुटला. कुणी लिहून ठेवलं नसेल तरी कळतं, आणि कधी कधी लिहिलेल्यापेक्षा खरं कळतं.

जवळच २०१७ मध्ये सापडलेले मुष्टियुद्धाचे चामडी पट्टे आहेत. हातमोज्यासारखे बोटं झाकणारे नाहीत, फक्त मुठीच्या सांध्यांवर बसणारे. एका पट्ट्याच्या आत तो घालणाऱ्याच्या बोटांच्या सांध्यांचे ठसे अजून आहेत. एक लाकडी खेळण्यातली तलवारही आहे. आणि शौचकूपाची लाकडी बैठक, २०१४ मध्ये सापडलेली, वापरून गुळगुळीत झालेली. सहा वर्षांच्या मुलाला याहून मोठा खजिना दाखवता येणार नाही.

मग पत्रं. १९७३ मध्ये रॉबिन बर्लींना एका चरात लाकडाचे पातळ पापुद्रे मिळाले, रंध्याच्या साली वाटाव्यात असे. दोन पापुद्रे एकमेकांपासून सोडवले तर आत शाईच्या खुणा. पण हवा लागताच त्या पुसट होऊ लागल्या. न्यूकॅसल विद्यापीठात अवरक्त प्रकाशात छायाचित्रं घेतली तेव्हा अक्षरं पुन्हा उमटली. ती वळणदार रोमन लिपी वाचायला अ‍ॅलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या विद्वानांनी वर्षं घातली. पुढे अशा हजारावर पाट्या निघाल्या. बहुतेक ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही इथे परत आणून मंद प्रकाशात मांडल्यात.

क्लॉडिया सेव्हेरा या बाईचं पत्र सगळ्यांत प्रसिद्ध. तिचा नवराही दुसऱ्या एका किल्ल्याचा सेनापती. इ. स. १०० च्या आसपास तिनं विंडोलँडाच्या सेनापतीच्या बायकोला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावलं. पत्राचा मोठा भाग लेखनिकाच्या सफाईदार अक्षरात आहे. शेवटी मात्र वेगळं, जरा वेडंवाकडं अक्षर लागतं: मी तुझी वाट बघेन, बहिणी, सुखी राहा, माझ्या जिवा. अक्षर बदललंय, म्हणून या ओळी तिनं स्वतः लिहिल्या हे कळलं. एका स्त्रीच्या हातचं, आज टिकून असलेलं हे सर्वांत जुन्या लॅटिन लेखनांपैकी एक आहे. लेक त्या काचेपाशी बराच वेळ होती. मीही.

दुसऱ्या एका पत्रात कुणीतरी कुणाला तरी मोजे, सँडलचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठवल्यात. मजकुराचा बराच भाग गेलाय, नावं नीट उरलेली नाहीत, पण या माळावरचा वारा एकदा अंगावर घेतला की त्या पार्सलची गरज समजते. माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात कोल्हापूरहून आईचं पार्सल आलं होतं. त्यातही लोकरीचे मोजे सगळ्यांत वर होते. मस्क्लस नावाचा एक अधिकारी लिहितो, माझ्या माणसांकडची बिअर संपलीय, पाठवायची व्यवस्था करा. एका पाटीवर व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यातली ओळ कुण्या मुलानं गिरवलीय, अक्षरलेखनाचा सराव असावा. शेवटी दुसऱ्याच हातानं एक तोडका शेरा आहे. त्याचा अर्थ ‘ढिलाईचं काम’ असा लावतात. धाकट्याला त्या मुलाची फार कणव आली.

लेकीला सर्वांत आवडला तो हजेरीपट. तुंग्रियन तुकडीचा, तारीख १८ मे. एकूण ७५२ माणसं, ४५६ बाहेरगावी कामावर, २९६ हजर. हजर असलेल्यांत ३१ कामाला नालायक: १५ आजारी, ६ जखमी आणि १० जणांचे डोळे आलेले. तिनं वजाबाकी करून पाहिली, बेरीज करून पाहिली, आणि हिशेब बरोबर आहे म्हणाली. ज्या लेखनिकानं तो मांडला त्याचं काम असं तपासलं गेलं याचा मला आनंद झाला.

ही तुंग्रियन माणसं आजच्या बेल्जियमच्या भागातली, त्यांच्या आगेमागे इथे राहिलेली बटावियन तुकडी ऱ्हाईनच्या मुखाकडची, आजच्या नेदरलँड्समधली. म्हणजे ‘रोमन’ म्हणून आपण ज्यांना पाहतो त्यांतल्या बहुतेकांनी रोम पाहिलंही नसेल. साउथ शील्ड्सला अर्बेया नावाच्या किल्ल्यात एक थडग्याचा दगड आहे. सीरियातल्या पाल्मायराहून आलेल्या बाराटेस नावाच्या माणसानं तो आपल्या बायकोसाठी उभारला. ती ब्रिटनमधलीच, पूर्वी त्याची गुलाम, मग मुक्त केलेली, तिसाव्या वर्षी गेलेली. वर लॅटिन मजकूर आहे आणि खाली एक ओळ त्यानं आपल्या मायबोलीत कोरून घेतली. टाइन नदीच्या काठी ती ओळ वाचणारे किती जण असतील कोण जाणे, तरी त्यानं ती लिहवून घेतली. घरात मुलांशी हट्टानं मराठी बोलणाऱ्या मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

आपल्याकडचा एक धागाही इथे सापडतो. एका पाटीवरच्या हिशेबात एका सैनिकाच्या नावापुढे मिरी आहे, किंमत दोन दिनार. काळी मिरी त्या काळी मलबारच्या किनाऱ्यावरून, मुझिरिससारख्या बंदरांतून जहाजानं इजिप्तला आणि तिथून रोमन साम्राज्यात जायची. भारतातली मिरी इंग्लंडच्या या टोकाला, एका साध्या शिपायाच्या खात्यावर! हा व्यापार दोन्ही बाजूंनी चालायचा. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर तिकडून आलेली, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती सापडली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत मी ती पाहिली होती. पुढच्या सुट्टीत मुलांना तिथे न्यायचंय, आणि तिथेही त्यांनी ‘कसं कळलं’ विचारावं अशी माझी इच्छा आहे. आपल्या जिल्ह्याच्या गावातली संग्रहालयं आपण मुलांना किती कमी दाखवतो.

आता येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. उन्हाळा असला तरी वारा आणि पाऊस धरूनच चाला. रेनकोट आणि घट्ट तळाचे बूट हवेत, छत्री इथे टिकत नाही. वरच्या प्रवेशद्वारातून शिरून किल्ला पाहत खाली संग्रहालयापर्यंत उतरायचं, असा क्रम ठेवा. वाटेत १९७० च्या दशकात बांधलेला भिंतीचा नमुना आहे. त्यावर चढून मूळ उंचीचा अंदाज येतो. बाबागाडी उताराच्या वाटेवर त्रासाची. कॅफे संग्रहालयातच आहे, पण आम्ही थालीपीठं नेली होती आणि बागेतल्या बाकावर बसून खाल्ली. उत्खनन पाहायचं असेल तर जाण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर दिवस तपासा. गाडी नसेल तर हंगामात ‘एडी १२२’ नावाची बस हेक्समहून भिंतीकडेनं धावते. वॉलटाउनचं रोमन आर्मी म्युझियमही याच ट्रस्टचं आहे आणि दोन्हींचं एकत्र तिकीट मिळतं. भिंतीलगतचा हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला आणि तिथलं सामुदायिक शौचालय मुलांना आवडतंच, पण त्याला वेगळं तिकीट आणि वाहनतळापासून चांगली चढण आहे. मुलं दमली असतील तर ते दुसऱ्या दिवसावर ठेवा.