आज शिकवणार का?

मंगळवार, रात्र

"मॅडम, आज शिकवणार आहात, की परत तेच?"

दहाच्या तासाला दारातच विचारलं त्याने. उद्धटपणे नाही, आज पाऊस पडेल का असं विचारावं तसं. मी हसले, हजेरी घेतली. तेव्हापासून ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचतंय.

'तेच' म्हणजे माझे व्हिडिओ. पहाटे डब्यांच्या गडबडीत, ओट्यावर साखरेच्या डब्याला फोन टेकवून केलेले, सहा-सात मिनिटांचे. मुलांनी ते घरी बघून यायचं. तासाला मी गप्प बसायचं आणि त्यांनी वाद घालायचा. (हॉस्टेलच्या पोरांच्या डेटा पॅकचं काय, हा वेगळाच विषय. विभागप्रमुखांना तर कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फाईलला लावायला फक्त फोटो हवेत. असो.)

आज प्रश्न दिला होता: बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवून तो चालू ठेवला, तर खोली गार होईल की गरम? आधी एकेकट्याने बोटं वर करून मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं. हार्वर्डला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ मध्ये हे सुरू केलं. माझ्याकडे निम्म्याहून जास्त बोटं 'गार'वर. आणि मग शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी वळून म्हणाली, "अरे, मागच्या जाळीला हात लावून बघ ना कधी, पोळतो. आणि वर कॉम्प्रेसर वीज खातोय, ती कुठे जाणार?"

मी खिडकीशी उभी. खिशात अख्खा खडू.

ते वाक्य मला म्हणायचं होतं. कॉम्प्रेसरचं.

इतकी वर्षं फळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचे आणि बेलला दोन मिनिटं असताना उजव्या कोपऱ्यात डेल्टा एस, म्हणजे एन्ट्रॉपीतला (ऊर्जेच्या विखुरण्याच्या मापातला) बदल, चौकटीत टाकायचे. त्या चौकटीसाठीच तर सगळं होतं की काय? बाही झटकत स्टाफरूममध्ये येणं, 'आज तास रंगला' म्हणणं... नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, मग दे ना लेक्चर. जाऊ दे.

हार्वर्डलाच २०१९ मध्ये एक अभ्यास झाला. असं झगडून शिकलेल्या मुलांना चाचणीत गुण जास्त मिळाले, पण त्यांना वाटलं मात्र, आपण व्याख्यानवाल्यांपेक्षा कमी शिकलो. वाचून बरं वाटायला हवं होतं. पण मास्तरणीला काय वाटतं, हे त्यांनी विचारलेलं नाही.

तास संपल्यावर तोच मुलगा वही घेऊन आला. "मॅडम, एन्ट्रॉपीच्या व्हिडिओत दुसऱ्या शिट्टीनंतर तुम्ही जे म्हणता, ते परत सांगा ना. तिथे नीट ऐकू येत नाही."

दुसऱ्या शिट्टीनंतर! म्हणजे बघतो. शिट्ट्या मोजण्याइतका बघतो, आणि तरी ते त्याच्या लेखी शिकवणं नाही.

मी खडू काढला आणि फळ्यावर सांगितलं. पाच मिनिटं. ठीक आहे, आठ. चौकटही केली. तो निघाला, तर दारात तीन-चार जण बॅगा लावून थांबलेले, तेही लिहून घेत होते.

उद्या कार्नो इंजिन. कुकर आधी लावून घेते.