आधी बियांना पाणी, मग कणकेला

काल रात्री झोपायच्या आधी ओट्यावर वाडग्यात जवस, तीळ, सूर्यफुलाच्या बिया आणि थोडी खुरसणी (कारळे) भिजत घातली, वर ताटली झाकली, आणि जाणवलं की हे आता विरजण लावल्यासारखं झालंय, हात आपोआप करतात. घरी ब्रेड करायला लागून तीन वर्षं झाली. मैत्रिणी विचारतात की बियांचा ब्रेड तुझा मऊ कसा राहतो, आमचा दुसऱ्या दिवशी भुगा होतो, म्हणून एकदा नीट लिहूनच काढतेय.

सुरुवात पाकिटामागची यादी वाचून झाली. मुलाला शाळेत काहीतरी प्रोजेक्ट होता, तो घरातलं प्रत्येक पाकीट उलटं करून मोठ्याने वाचत सुटला होता. आम्ही पौष्टिक म्हणून जो ब्राऊन ब्रेड आणत होतो त्यावर पहिलं नाव मैदा, रंगासाठी कॅरमल, आणि बिया म्हणजे वरून चिकटवलेले चार तीळ. मला फार वाईट वाटलं, कारण तोच ब्रेड मी वर्षभर डब्यात देत होते. त्याच आठवड्यात माळ्यावरचा ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, खाली काढला.

पहिला लोफ मला अजून आठवतो. गिरणीतलं गव्हाचं पीठ, यीस्ट, मीठ, पाणी आणि मूठ मूठ भरून कोरड्या बिया. गरम असताना काय सुंदर दिसत होता, वास तर पार जिन्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी लावली आणि स्लाइस हातातच तुटली, लोणी लावायला गेले तर अर्धा ब्रेड सुरीला. दोनदा, तीनदा हेच. मी पाणी वाढवलं तर मधे कच्चा राहिला, यीस्ट वाढवलं तर नुसता आंबूस वास.

सासूबाई बघत होत्या. त्यांचं माहेर इगतपुरीकडचं, नागली (नाचणी) आणि वरई ह्यांच्यात आयुष्य गेलेलं. तुटलेली स्लाइस हातात घेऊन त्यांनी त्यातला एक जवस नखाने काढला, दाताखाली धरला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर कोरडाच आहे. ह्याला तहान लागली, त्याने तुझ्या कणकेतलं पाणी पिऊन टाकलं. कण्या करताना आधी भिजवतेस ना? मग ह्याला का नाही?"

सगळं ह्यातच आहे. नंतर मी खूप वाचलं, व्हिडिओ बघितले, तिकडे बाहेरच्या देशात बियांचे ब्रेड करणारे लोकही हेच करतात, बिया आदल्या रात्री भिजवतात आणि त्याला सोकर म्हणतात. कोरडी बी कणकेत गेली की भाजताना आणि भाजून झाल्यावरही आजूबाजूचा ओलावा ओढत राहते, म्हणून पहिल्या दिवशी छान आणि दुसऱ्या दिवशी भुगा. तेच जवस आधी भिजवले तर त्यांना तो बुळबुळीत गर सुटतो, सब्जासारखा, आणि तो गर उलट पाणी धरून ठेवतो. माझा लोफ आता उन्हाळ्यातसुद्धा तीन दिवस मऊ राहतो, फक्त कापडात गुंडाळून डब्यात.

पण भिजवायच्या आधी भाजायच्या, हे माझं स्वतःचं मत आणि त्यावर मी ठाम आहे. तीळ तडतडायला लागेपर्यंत, सूर्यफूल कडेने किंचित सोनेरी होईपर्यंत. खुरसणीकडे मात्र नजर हवी, ती काळीच असते त्यामुळे रंगावरून काही कळत नाही, वासावरून ओळखायचं. आधी गवतासारखा वास येतो, मग एकदम शेंगदाणे आणि धूर ह्यांच्या मधला एक खमंग वास उठतो, त्या क्षणी कढई खाली. पाच सेकंद उशीर झाला की कडू. ज्यांनी खुरसणीची चटणी खाल्लीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आमच्या नाशिकच्या सुरगाणा, पेठ, त्र्यंबक ह्या बाजूला पाऊस संपता संपता डोंगरउतारावर पिवळी फुलं दिसतात ना, ती हीच. लोक गाडी थांबवून फोटो काढतात, आणि ब्रेडमध्ये घालायला मात्र कुठल्या तरी लांबच्या देशातल्या बिया मागवतात. आपली खुरसणी घालून बघा एकदा, मी कळकळीने सांगतेय.

दुसरी गोष्ट नागलीची. मला नागलीचा ब्रेड हवाच होता, १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हापेक्षा कितीतरी पट, आणि घरात वाढतं पोर. २०२३ हे मिलेट वर्ष म्हणून जाहीर झालं तेव्हापासून मॉलमध्ये नागली चकचकीत पाकिटांतून यायला लागली, आमच्या नाशिकला ती गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात कायमच होती. पण नागलीचं पीठ सरळ गव्हात मिसळलं की लोफ बसतो आणि खाताना घशात रवाळ लागतो. कारण साधं आहे, नागलीत, बाजरीत, ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पीठ ताणलं जात नाही. म्हणून तर पोळी लाटतो आणि भाकरी थापतो! हे मी इतकी वर्षं करत होते आणि असं का ते कधी डोक्यात आलं नव्हतं. ब्रेड फुगतो म्हणजे काय, यीस्टने सोडलेला वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो, जाळंच नाही तर वायू थांबणार कशाला.

इथेही उपाय सासूबाईंचाच. नागलीची भाकरी त्या कधी गार पाण्यात मळत नाहीत, उकड काढतात. मी म्हटलं ब्रेडसाठी पण काढून बघू. ५० ग्रॅम नागलीवर १५० ग्रॅम उकळतं पाणी, पटापट ढवळायचं, मंद गॅसवर मिनिटभर, चॉकलेटी रंगाचा चकचकीत गोळा होतो. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि पाणी आत धरून ठेवतो, मग तो गोळा कणकेत मिसळला की ब्रेड मऊ, आणि तो रवाळपणा जातो. चीन-जपानकडे मऊ ब्रेडसाठी पिठाची अशीच पातळ खळ करून घालतात, त्याला तांगझाँग म्हणतात. आपल्याकडे मोदकाची उकड, भाकरीची उकड, सगळं हातात होतं, फक्त ब्रेडला लावलं नव्हतं.

आता गिरणीबद्दल, कारण अर्धा ब्रेड तिथेच होतो किंवा बिघडतो. मी लोकवन गहू वापरते. पीठ एकदम बारीक दळून घ्यायचं आणि काकांना सांगायचं की बाजरीच्या मागोमाग माझा गहू घेऊ नका, नाहीतर पहिला किलोभर मिसळ पीठच येतं. दळून आणल्यावर पीठ हाताला गरम लागतं, ते पसरून गार करायचं, तसंच डब्यात भरलं तर वाफ धरते. मग मी ते बारीक चाळणीने चाळते, वर राहतो तो कोंडा टाकत नाही, तो बियांबरोबर भिजत घालते. कोंड्याचे कण कडक आणि धारदार असतात, ते मळताना ग्लुटेनचे धागे कापतात, भिजून मऊ झाले की तेवढा त्रास देत नाहीत. खपली गहू पण करून बघितला, वास अप्रतिम, चव गोडसर, पण त्याचं ग्लुटेन कमजोर, लोफ वर जायच्या ऐवजी आडवा पसरतो. पाव हिस्सा घालायचा फक्त.

आणि हो, मी थोडा मैदा घालते. शंभर टक्के गव्हाचा करता येतो, मी केलाय, पण घरातल्यांनी रोज आवडीने खावा असा करायचा असेल तर तिसरा हिस्सा मैदा घालण्यात मला काही गैर वाटत नाही. निदान किती घातलाय ते मला माहीत असतं.

प्रमाण सांगते, वजन काट्यावरच करा, वाटीने दर वेळी वेगळं येतं. बिया सगळ्या मिळून १०० ग्रॅम, त्यात २५ जवस, २५ सूर्यफूल, २० तीळ, २० भोपळ्याच्या बिया आणि १० खुरसणी, भाजून त्यावर १२० ग्रॅम गरम पाणी ओतून रात्रभर ठेवायच्या, उन्हाळ्यात चिमूटभर मीठ टाकायचं म्हणजे आंबत नाहीत. सकाळी ३०० ग्रॅम गव्हाचं पीठ, १५० ग्रॅम मैदा, गार झालेली नागलीची उकड आणि साधारण २२० ग्रॅम पाणी, हे पाणी एकदम ओतायचं नाही, थोडं हातचं राखून, कारण प्रत्येक गव्हाची तहान वेगळी. नुसतं एकत्र करून अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायचं, तेवढ्यात आपली आंघोळ-पूजा होते आणि कणीक अर्धी आपली आपणच मळली जाते. मग ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, सुपारीएवढा गूळ, चमचाभर तेल घालून दहा-बारा मिनिटं मळायचं, चिकटते म्हणून कोरडं पीठ भुरभुरवायचं नाही, हाताला पाणी लावायचं. बिया सगळ्यात शेवटी, निथळून न घेता गरासकट.

फुगायला किती वेळ हे मी घड्याळात सांगू शकत नाही. मे महिन्यात दुपारी घरात ३५-३६ डिग्री असताना पाऊण तासात दुप्पट, आणि जानेवारीत तीन तास झाले तरी गोळा तसाच. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तेव्हा आमच्याही ओट्याच्या फरशीला हात लाववत नाही. पहिल्या थंडीत मी दोन लोफ नीट न फुगताच भाजले, विटेसारखे झाले. मग थंडीत दही लावतो तसंच केलं, ओटीजी बंदच ठेवून आत उकळत्या पाण्याचं पातेलं आणि शेजारी कणकेचं भांडं, दार लावून. बोट दाबलं की खळगा हळूहळू अर्धवट भरून यायला हवा, पटकन वर आला तर अजून थांबा, अजिबात नाही आला तर उशीर झालाय.

एवढ्या कणकेचे दोन छोटे टिन होतात. अर्धे भरायचे, काठाच्या जरा वर आले की २२० डिग्रीवर तापलेल्या ओटीजीत, खाली एका थाळीत अर्धा पेला गरम पाणी वाफेसाठी, पंधरा मिनिटांनी १९० वर आणून अजून पंचवीस मिनिटं. झाला का हे बघायला मी लोफ कापडात धरून उलटा करते आणि बुडावर बोटाने टकटक करते, पोकळ आवाज आला की झाला, माठ घेताना वाजवून बघतो तसंच. थर्मामीटर असेल तर आत ९५ डिग्री. आणि त्यानंतर तासभर तरी कापायचा नाही. हे आमच्या घरात सगळ्यात अवघड काम आहे, पण गरम असताना आतली जाळी अजून बसलेली नसते, सुरीला चिकटते आणि मग उगाच वाटतं कच्चा राहिला.

एक प्रामाणिकपणे सांगते, ह्याच कणकेचे पाव करून मिसळीबरोबर ठेवले होते, नाही जमत. मिसळीला मैद्याचा, रस्सा शोषून घेणारा हलका पावच हवा, बिया रश्श्यात सुटून येतात आणि ना धड मिसळ लागते ना ब्रेड. रविवारी मिसळीला आम्ही पाव बेकरीतूनच आणतो. ह्या ब्रेडला हिरवा ठेचा आणि लोणी, किंवा नुसतं तूप-गूळ.

गेल्या बुधवारी एक गोष्ट झाली. बाजारात पेठकडच्या एक आजी बसतात, त्यांच्याकडून मी नागली आणि खुरसणी घेते, मापट्याने मोजतात आणि वरून एक मूठ जास्तीची टाकतात. दर वेळी विचारायच्या, एवढ्या खुरसणीचं करतेस काय, चटणी किती खाता? सांगून कळेना म्हणून ह्या वेळी डब्यात दोन स्लाइस घेऊन गेले. आजींनी आधी वास घेतला, मग स्लाइस उन्हात धरून आतली जाळी बघितली, एक काळी बी काढून चावली. म्हणाल्या, "भाजली बरी आहेस, जळाली नाही." मग घास घेतला, बराच वेळ चावत राहिल्या. "नागली लागते की ह्यात!" त्यांना नागली कुठेच दिसत नव्हती, फक्त रंगात होती, पण जिभेने बरोबर ओळखली. शेजारच्या भाजीवालीला अर्धी स्लाइस दिली, तिला सांगितलं ही आपली नागली आहे. माझे पैसे घ्यायला तयार होईनात, मी जबरदस्तीने ठेवले. त्या लोकांचं नागलीचं काम जवळून बघितलं तर कळतं, आधी राब भाजायचा, म्हणजे रोपाची जागा पालापाचोळा जाळून तयार करायची, रोप टाकायचं, मग भर पावसात वाकून उतारावर लावणी. त्यांच्या तोंडून चांगलं म्हटलेलं ऐकून मला जे वाटलं ते कुठल्याच कौतुकाने वाटलं नव्हतं.

निघताना त्यांनी पिशवीत वाटीभर वरई टाकली. "आता ही घालून बघ."

वरई मी कधी ब्रेडमध्ये घातली नाही. सासूबाई म्हणतात शिजवून मोकळी करून घाल, मला वाटतंय बियांसारखीच नुसती भिजवून घालावी म्हणजे दाणा दाताखाली येईल. अर्धी अर्धी करून दोन टिनमध्ये दोन तऱ्हा करायचं ठरलंय. म्हणून काल रात्री ओट्यावर एक नाही, दोन वाडगे होते.