व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात चिनूचं ऑपरेशन, माझा अनुभव

आमच्या चिनूचं (देशी कुत्री, वय 8) गेल्या पावसाळ्यात पायोमेट्राचं ऑपरेशन झालं, म्हणजे तिच्या गर्भाशयात पू झाला होता, आणि ते सगळं सरकारी व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात झालं. तेव्हापासून बिल्डिंगमधले, ऑफिसमधले, ज्यांच्या घरी कुत्रं मांजर आहे ते सगळे विचारत असतात की तिथे कसं असतं, विद्यार्थीच ऑपरेशन करतात का, पैसे किती लागतात, न्यावं की नको. म्हणून एकदाच नीट लिहितेय.

आपल्याकडे मुंबईला परळचं कॉलेज 1886 पासूनचं आहे, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळला कॉलेजं आहेत, अकोल्याला पदव्युत्तर संस्था आहे, ही सगळी नागपूरच्या माफसूच्या म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या हाताखाली येतात. प्रत्येक कॉलेजला दवाखाना असतोच, कारण त्याशिवाय मुलं शिकणार कशी. तिथे ॲप्रन घातलेली जी तरुण मुलंमुली आधी भेटतात त्यातले बरेचसे इंटर्न असतात, म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास संपवून 1 वर्षाच्या इंटर्नशिपला आलेले. त्यांच्या वर पीजीवाले, म्हणजे डिग्री घेऊन डॉक्टर झालेले आणि आता मेडिसिन किंवा सर्जरीत एमव्हीएससी करणारे, आणि त्यांच्या वर सर आणि मॅडम. थोड्या जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात त्यामुळे काही मुलं बाहेरच्या राज्यातली असतात, आमच्याशी एक मुलगा पूर्ण हिंदीत बोलत होता, पण समजून घ्यायची तयारी इतकी की आई मराठीत सांगायची आणि तो परत विचारून विचारून लिहायचा.

चिनूचं झालं असं की ती खाईना, मरगळून पडायला लागली, दोनदा उलटी झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी खूप वाढल्या होत्या, त्यांच्याकडे सोनोग्राफी नाही म्हणून त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून कॉलेजला पाठवलं. अशी चिठ्ठी, आधीचे रिपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड हे तिन्ही हातात ठेवा, तिथे प्रत्येक टेबलावर मागतात.

सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी पोचलेलं बरं. खिडकीवर केस पेपर काढायचा, मग वजन, मग नंबर लागेपर्यंत थांबायचं. मोठ्या जनावरांची बाजू वेगळी असते पण गेट एकच, त्यामुळे टेम्पोतून उतरणाऱ्या शेळ्या, खोड्यात उभी केलेली म्हैस, हे सगळं कुत्र्याच्या समोरून जातं, पट्टा मजबूत आणि आखूड धरायला लागतो. मांजर असेल तर पिंजऱ्यातच न्या आणि वरून जुना टॉवेल टाका. आणि ज्यांची पिल्लं लहान आहेत, लस पूर्ण झाली नाहीये, त्यांनी पिल्लू खाली जमिनीवर अजिबात सोडू नका, कारण तिथे पार्वो (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा संसर्ग) झालेली पिल्लंही उपचाराला येतात आणि तो व्हायरस जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. एकाने पिल्लाबरोबर रिक्षातच थांबायचं आणि दुसऱ्याने पेपर काढायचा हे उत्तम.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तिथे हिस्टरी, म्हणजे आजाराची आणि जनावराची सगळी माहिती, परत परत विचारतात. आधी इंटर्नने विचारली, लिहिली. मग पीजीच्या मुलीने तेच सगळं पुन्हा. मग मॅडम आल्या, मागे सहासात मुलं, आणि मॅडमनी इंटर्नला सांगितलं की केस सांग, त्याने सांगितली आणि मॅडमनी परत आम्हालाच विचारायला सुरुवात केली. शेजारच्या बाकावरचे एक काका वैतागले होते की एकच गोष्ट किती जणांना सांगायची. मला विचाराल तर हेच तिथलं खरं बळ आहे. पहिल्या दोन वेळा मी उत्तरं दिली होती, खाणं, उलटी, शी, औषधं. तिसऱ्या वेळी मॅडमनी विचारलं पाणी किती पिते आणि हीटवर म्हणजे माजावर शेवटची कधी आली होती, आणि तेव्हा आई बोलली, कारण चिनूचं पाण्याचं भांडं आईच भरते, की हल्ली भांडं दुपारीच रिकामं होतं आणि रात्री पण उठून पिते, आणि हीट साधारण दीड महिन्यापूर्वी होऊन गेली. मॅडमनी लगेच मुलांकडे वळून विचारलं, आठ वर्षांची मादी, नसबंदी नाही, हीट होऊन सहा आठवडे, पाणी जास्त, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, काय काय असू शकतं सांगा. म्हणून सांगते, जो माणूस जनावराला रोज खायला घालतो आणि फिरवतो तो बरोबर हवाच, नुसतं गाडी चालवता येणाऱ्याला पाठवून उपयोग नाही.

मग जे झालं त्याची मनाची तयारी ठेवा. मुलं आपल्यासमोरच एकेक शक्यता मोठ्याने सांगतात. एक म्हणाला किडनी, एक म्हणाली डायबेटिस, एकाने लिव्हरचं नाव घेतलं आणि आईचा चेहरा पडला, तिला वाटलं हे सगळंच चिनूला झालंय. तसं नसतं, आधी सगळ्या शक्यता मांडायच्या आणि मग तपासून एकेक बाद करायची अशी ती शिकायची पद्धत असते. मी मॅडमना सरळ विचारलं की यातलं तुम्हाला काय वाटतंय, त्यांनी शांतपणे समजावलं की बहुतेक पायोमेट्रा आहे, सोनोग्राफीत कळेल, आणि बाहेर पू येत नाहीये म्हणजे गर्भाशयाचं तोंड बंद असलेला प्रकार असावा जो जास्त धोक्याचा, कारण पू आतच साठतो आणि गर्भाशय फुटू शकतं. मुलांनाही त्यांनी बजावलं की पोट हळू हाताने बघा.

ताप, हिरड्यांचा रंग, छातीचे ठोके हे सगळं दोघातिघांनी बघितलं. तोंडाला बँडेजची पट्टी बांधली, ती बघायला वाईट वाटतं पण दुखऱ्या जनावराचा भरवसा नसतो, घरचं मझल (तोंडाची जाळी) असेल तर तेच न्या. चिनू थकली, धापा टाकायला लागली तेव्हा मी म्हटलं आता बस करा, आणि ते थांबले. हे बोलायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, कुणी वाईट मानत नाही. पण दुसराच कुणी तपासतोय म्हणून पहिल्यापासून भांडू नका, त्यातल्याच एका मुलीच्या लक्षात आलं होतं की चिमटा सोडल्यावर कातडी हळूहळू खाली बसतेय, म्हणजे अंगात पाणी कमी झालंय.

सोनोग्राफीसाठी पोटाचे केस काढले. स्क्रीनवर गर्भाशयाच्या जागी काळ्या काळ्या फुगलेल्या नळ्या, माळेसारख्या एकाला एक लागून. हीटनंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात जंतू शिरले की पू धरतो, आणि त्या जंतूंच्या विषाचा किडनीवर परिणाम होतो म्हणून तहान वाढते, हे मला तिथेच उभं राहून कळलं. ज्यांच्या घरी नसबंदी न केलेली मादी आहे त्यांनी हे लक्षात ठेवाच, हीट संपल्यावर महिना दोन महिन्यात पाणी जास्त प्यायला लागली, मरगळली, तर थांबू नका, डिस्चार्ज दिसायची वाट बघू नका. आणि पिल्लं नको असतील तर नसबंदी वेळेत करून टाका, मी आता हे प्रत्येकाला सांगते.

ऑपरेशन त्याच दिवशी नाही झालं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडनीवर ताण होता, म्हणून आधी सलाईन आणि अँटिबायोटिक, दुसऱ्या दिवशी सकाळी भूल. आमच्या इथे रात्री जनावर ठेवून घेत नाहीत, संध्याकाळी पायात कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घातलेली नळी) तसाच ठेवून घरी पाठवलं, रात्रभर दादा आणि मी आळीपाळीने जागे, चिनूने तो चावू नये म्हणून. वॉर्ड आहे का, रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा, हे दुपारीच विचारून घ्या, संध्याकाळी सांगायला कुणी सापडत नाही. जवळ रात्रभर उघडा असलेला प्रायव्हेट दवाखाना कुठला तेही बघून ठेवा.

पैशाचं सांगायचं तर केस पेपर, तपासणी, ऑपरेशनची सरकारी फी प्रायव्हेटच्या मानाने खूपच कमी, पण औषधं बरीचशी बाहेरून आणायला लागतात. सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनं, टाक्यांचा धागा, ग्लोव्हज, अशी यादी हातात मिळते आणि समोरच्या मेडिकलवर धावायचं. त्यामुळे दोन माणसं हवीतच, एक जनावराजवळ आणि एक पळापळीला. थोडी रोख रक्कमही असू दे. मला एकच खटकलं, रक्ताचा रिपोर्ट कुठल्या खोलीतून घ्यायचा हे नीट कुणी सांगत नव्हतं, या दारातून त्या दारात असं बरंच फिरायला लागलं, तेवढ्यात चिनू बाहेर बाकाखाली पडून होती. एक साधा बोर्ड लावला तरी लोकांचे हाल वाचतील.

ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सही घेतात. मी सही करायच्या आधी विचारलं की चाकू कोणाच्या हातात असणार. सर्जरीचे सर स्वतः करणार, पीजी मदतीला, इंटर्न भुलीवर लक्ष ठेवणार, श्वास आणि ठोके दर काही मिनिटांनी लिहिणार, असं स्पष्ट उत्तर मिळालं. वेळ मात्र जास्त लागतो, सर दाखवत दाखवत करतात. बाहेर बसून जीव वरखाली होत होता, पण आत इतके डोळे तिच्यावर आहेत याचा धीरही होता. नंतर सरांनी बोलावून ट्रेमधे काढलेलं गर्भाशय दाखवलं, नको वाटत असेल तर नाही म्हणता येतं, मी बघितलं. एवढं पोटात घेऊन ती शेपटी हलवत होती.

भुलीतून उठताना कुत्री थरथरते, कण्हते, ओळखत नाही, घाबरू नका. जुनं ब्लँकेट न्या, आणि ते सांगतील तोपर्यंत पाणी खाणं काही देऊ नका. गळ्यात घालायचा कोन आधीच घेऊन ठेवा.

पुढे रोज ड्रेसिंग आणि इंजेक्शनला जात होतो, सुट्टीच्या दिवशी ओपीडी किती वाजेपर्यंत हे आधी विचारून. टाके दोनेक आठवड्यांनी काढले. तोपर्यंत आमच्या ओळखीच्या इंटर्नची ड्युटी मोठ्या जनावरांकडे लागली होती आणि छोट्या जनावरांना नवी मुलं आली होती, त्यातल्या मुलीने चिनूचा केस पेपर पहिल्या पानापासून वाचला, मग हात लावला, आणि परत विचारलं, पाणी किती पिते? या वेळी आईने मला बोलूच दिलं नाही.