तुम्ही विचारलंत म्हणून: जीव माझा, मग पट्ट्याची सक्ती कायले?

"मरीन तं मी मरीन, सरकारचं काय जाते?" सीट बेल्टचा विषय निघाला की आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा: "इथून तालुक्यालेच तं जाचं आहे, कायले पट्टा?" तुम्हीही तेच विचारलंत. माझं उत्तर असं की सक्ती हवी, आणि पुढच्यापेक्षा मागच्या सीटवर जास्त हवी. फक्त आपल्याकडे ती चुकीच्या टोकाकडून सुरू झाली आहे. माणसाआधी गाडीला, म्हणजे कोंबून माणसं नेणाऱ्या काळीपिवळी जीपला, सक्ती करायला हवी होती.

"मरीन तं मी मरीन" हे मुळात खरं नाही. ६० च्या वेगातली गाडी रात्री बिनदिव्याच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली, तर पुढचा पत्रा चेपत ती साधारण ६० सेंटीमीटरमध्ये थांबते. तेवढ्या क्षणापुरतं आतल्या प्रत्येकाचं वजन २३-२४ पट झाल्यासारखं होतं. ६० किलोचा माणूस १४ क्विंटलचा होतो. जिनिंगमधली कापसाची गाठ १७० किलोची असते, म्हणजे अशा आठ गाठी. मागे बिनपट्ट्याने बसलेला माणूस हे सगळं वजन पुढच्या सीटच्या पाठीवर टाकतो, आणि त्या सीटवर पट्टा लावलेला ड्रायव्हर बसलेला असतो. मरतात दोघं, चूक एकाची.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. गाडी महागातली होती. पुढे बसलेले दोघं वाचले.

मांडीवरच्या लेकराचा हिशोब तोच. १० किलोचं पोर त्या क्षणी अडीच क्विंटलच्या जवळ जातं. "मी घट्ट धरते ना" म्हणणाऱ्या आईच्या मायेत काही कमी नसतं, पण एवढं वजन कोणाच्याच हातात राहत नाही. आईने स्वतःच्या पट्ट्यात लेकरालाही घेतलं तर आणखी वाईट, कारण मग आईचं वजन लेकराला पट्ट्यावर चिरडतं. तान्ह्याला मागच्या सीटवर मागे तोंड करून बसवायची खुर्ची मिळते. थोड्या मोठ्या पोराला उंच करणारी बैठक लागते, साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत. त्याआधी मोठ्यांचा पट्टा पोराच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो.

आता तालुक्याचं. ४० चा वेग म्हणजे सुमारे ६ मीटरवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून पडणं. ६० म्हणजे १४ मीटर, गावच्या पाण्याच्या टाकीएवढी उंची. एवढा वेग तर पांदण संपून डांबर लागलं की येतोच. त्यात रोही (नीलगाय) वावरातून निघतो तो सरळ बोनेटवर, आणि रानडुक्कर बहुतेकदा एकटं नसतं. डोक्याला मार लागला की ग्रामीण रुग्णालयातून पुढे पाठवतात. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, मधे मेळघाटचा घाट. ज्या भागात दवाखाना इतका लांब, तिथे पट्टा मुंबईपेक्षा जास्त गरजेचा.

"एअरबॅग आहे की" असंही म्हणतात. एअरबॅग ही पट्ट्याची जोडीदार आहे, बदली नव्हे. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. बिनपट्ट्याचा माणूस तोवर पुढे सरकलेला असतो आणि फुगत्या फुग्यावर तोंडाने आदळतो.

पट्टा लावायचा कसा, हे ड्रायव्हिंग शिकवताना क्वचितच कोणी सांगतं. आडवी पट्टी कमरेच्या हाडांवर बसली पाहिजे, पोटावर नाही. गरोदर बाईने ती पोटाच्या खालून घ्यावी. तिरपी पट्टी मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधून, छातीच्या मधोमध यावी. बकल लागलं की तिरपी पट्टी वर ओढून ढिलेपणा काढायचा, नेमकं हेच बहुतेक जण विसरतात. थंडीत शाल, जाड स्वेटर किंवा ब्लँकेटवरून पट्टा लावला तर मधे चार-पाच बोटं ढील राहते. आधी पट्टा, मग त्यावर शाल. गळ्याला काचतो म्हणून काखेखालून घेऊ नका, बरगड्या तुटून आत लिव्हरपर्यंत जातात. काचत असेल तर दाराच्या खांबावरची कडी खाली सरकवा. बऱ्याच गाड्यांत ती सरकते.

"पट्टा अडकतो, बिघडला" ही तक्रार बहुतेक वेळा बिघाड नसतेच. पट्टा गुंडाळणाऱ्या डबीत दोन कुलपं असतात: एक गाडी झटक्याने थांबली किंवा कलली की लागतं, दुसरं पट्टा झटक्याने ओढला की. म्हणून उतारावर उभ्या गाडीत तो अडतो. थोडा आत जाऊ द्या, मग सावकाश ओढा. तपासायचा असेल तर सपाट जागी जोरात हिसका द्या. अडला तर चांगला, नाही अडला तर डबी बदला.

आपल्याकडे खरा त्रास धुळीचा आणि उंदरांचा. खांबावरच्या कडीत धूळ आणि घामाचा काळा थर बसतो, मग पट्टा परत जात नाही, दारात सापडतो आणि कडा कुरतडल्या जातात. पट्टा पूर्ण बाहेर ओढून चिमट्याने धरा, कोमट पाणी आणि साध्या साबणाने पुसा, कडी फडक्याने घासा, सावलीत पूर्ण वाळल्यावरच सोडा. डबीत तेल किंवा ग्रीस घालू नका, धूळ आणखी चिकटते. ब्लीचने धागा कमजोर होतो. गोठ्याशेजारी गाडी उभी राहत असेल तर महिन्यातून एकदा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, उंदीर आत गुंडाळलेला भाग खातात. कड कापलेला पट्टा शिवून घेऊ नका. मोठ्या धडकेत वापरलेला पट्टाही बदलायचाच. त्याचा धागा ताणलेला असतो, आणि त्याला ताणून धरणारा बारूदाचा छोटा बार असेल तर तो एकदाच उडतो. गॅरेजवाला "चालते ना भाऊ" म्हणेल. चालतो, पण पुढच्या धडकेपर्यंत.

जुन्या जीपला नवा पट्टा बसवताना पातळ पत्र्यात स्क्रू मारलेले दिसतात. १४ क्विंटलचा झटका त्या पत्र्यासकट उपटून नेईल. चेसिसला किंवा जाड पट्टी जोडलेल्या जागी, ७/१६ इंची खास बोल्टनेच तो बसतो.

आणि ती बिनपट्ट्याची क्लिप, बीप बंद करायला बकलात खुपसतात ती. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन दुकानांना ती विक्रीतून काढायला लावली. बाजारात अजून मिळते.

सक्तीने काय होतं? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये सगळ्यात आधी कायदा केला. ब्रिटनमध्ये १९८३ ला पुढच्या सीटसाठी सक्ती आली. त्याआधी वर्षानुवर्षं जाहिराती करूनही ४० टक्क्यांच्या आसपासच लोक पट्टा लावत. सक्तीनंतर ते प्रमाण ९० च्या वर गेलं. मागच्या मोठ्या माणसांपर्यंत कायदा पोचायला त्यांनाही १९९१ उजाडलं.

आपल्याकडे कायदा आहेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३८ पुढच्या सीटबरोबर पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटलाही पट्टा सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १९४ब मध्ये दंड १,००० रुपये, १४ वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तरी तेवढाच. आता काळीपिवळीकडे बघा. मागच्या समोरासमोरच्या बाकांचं तोंड पुढे नसतं, म्हणून ते या नियमातून सुटतात. कोंबलेल्या जादा प्रवाशामागे कलम १९४अ खाली दंड २०० रुपये. म्हणजे एकटा माणूस बिनपट्ट्याचा गेला तर हजार, आणि चार जादा माणसं दाटीवाटीने नेली तर आठशे. त्याच कलमात जादा प्रवासी उतरवून दुसरी सोय झाल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देऊ नये असंही लिहिलं आहे. बाजाराच्या दिवशी दारव्ह्याच्या किंवा वरुडच्या नाक्यावर हे किती वेळा घडतं, ते तुम्हीच आठवून बघा. सक्तीवर माझा राग आहे तो इथे.

"पट्ट्यात अडकलो आणि गाडी पेटली तं?" असंही विचारतात. आगीचं भय खोटं नाही. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. पण आगीतून निघायला आधी शुद्धीवर असावं लागतं, आणि बकल एका अंगठ्याने सुटतं.

लग्नाला गाडी ठरवाल तेव्हा भाव आणि डिझेल बोलून झालं की, इसार द्यायच्या आधी, मागच्या सीटच्या फटीत हात घाला. नवं कव्हर शिवताना बकल आत दाबून टाकलेलं असतं. हाताला लागलं तर ब्लेडने तेवढी शिवण उसवून घ्या. नाहीच लागलं तर दुसरी गाडी बघा.